खुल्या खाणींनी कोळशाची निवड कशी बदलली

कोळशाच्या उत्पादनाची बातमी नेहमी टनांत येते. अमुक देशाने यंदा उच्चांक गाठला, तमुक खाणीतून गेल्या वर्षीपेक्षा इतके लाख टन अधिक निघाले, असे आकडे छापून येतात. आणि त्याच पानावर कधी कधी दुसरी बातमी असते की वीजकेंद्रांना मिळणाऱ्या कोळशात राख फार आहे, दगड येत आहेत, करारात ठरलेली प्रत मिळत नाही. माल इतका मुबलक निघत असताना त्याच्या प्रतीबद्दल तक्रार का व्हावी, हे सामान्य वाचकाला सहज उमगत नाही. बातमीतला टन हा बहुधा जमिनीतून निघालेल्या मालाचा टन असतो, आणि त्या मालात कोळसा किती व दगड किती, हे तो कोणत्या पद्धतीने काढला यावर बरेचसे ठरते. भूमिगत बोगद्यांतले खाणकाम गेल्या शतकभरात मोठ्या प्रमाणावर उघड्या आकाशाखाली आले, तेव्हा कोळसा वापरायोग्य करण्याची रीतही त्याबरोबर बदलली. तो बदल काही ठिकाणी एका दिशेने झाला आणि काही ठिकाणी नेमका उलट दिशेने, म्हणून तो थोडा सविस्तर समजून घ्यावा लागतो.

कोळसा 'तयार' करायचा म्हणजे काय करायचे?

कोळसा जमिनीत थरांच्या रूपात असतो. दोन थरांच्या मध्ये, आणि अनेकदा एकाच थराच्या पोटातही, शेल नावाच्या मऊ दगडाच्या किंवा चिकणमातीच्या पट्ट्या असतात. खाणीतून जे निघते त्याला कच्चा कोळसा म्हणू. तो जाळल्यावर जे जळत नाही ते राख म्हणून मागे उरते. म्हणजे राख ही आधी दगड-मातीच्या रूपात कोळशाबरोबर आलेली असते. तिच्यासाठी रेल्वेचे भाडे भरलेले असते, ती दळण्यासाठी वीज खर्च झालेली असते आणि तिने बॉयलरच्या नळ्या झिजवलेल्या असतात.

कच्चा कोळसा फोडणे, चाळून आकारानुसार वेगळा करणे, त्यातला दगड काढणे, ओला झाला असल्यास निथळवणे आणि वेगवेगळ्या प्रतींचे मिश्रण करून ग्राहकाला एकसारखा माल देणे, या सगळ्या कामांना मिळून कोळशाची तयारी म्हणतात. ज्या कारखान्यात दगड काढण्याचे काम पाण्याने होते त्याला वॉशरी म्हणतात. तिथे कोळशाचा धुरळा धुतला जातो असा अनेकांचा समज असतो, पण वॉशरीचे मुख्य काम कोळसा आणि दगड वेगळे करणे हे आहे.

निवड जेव्हा हाताने आणि डोळ्यांनी होत असे

जुन्या भूमिगत खाणीत खाणकामगार कुदळीने थर खालून कोरून कोळसा पाडत असे आणि स्वतःच्या हाताने डब्यात भरत असे. दिव्याच्या उजेडात त्याला कोळसा आणि दगड यांतला फरक दिसत असे, आणि दगड बाजूला टाकण्याचे त्याला सबळ कारणही होते. मजुरी भरलेल्या टनांवर मिळे, आणि डब्यात दगड आढळला तर ती कापली जाई. या कपातीवरून आणि वजनावरून इतके वाद होत की ब्रिटनमध्ये १८६० च्या कायद्याने कामगारांना आपला स्वतःचा वजन तपासणारा माणूस नेमण्याचा हक्क दिला. म्हणजे निवडीचा मोठा भाग जमिनीखालीच, कामगाराच्या खर्चाने, उरकला जात होता.

जे काही दगड तरीही वर येत, ते वेचण्याचे काम पृष्ठभागावर होई. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात अँथ्रासाइट या कठीण कोळशाच्या खाणींवर उंच लाकडी इमारती असत. त्यांच्या माथ्यावर कोळसा फोडला जाई आणि तो उतरत्या पन्हाळीतून खाली घसरत येई. पन्हाळीच्या दोन्ही काठांवर पाय टाकून मुलगे ओळीने बसलेले असत, आणि पायांखालून वाहणाऱ्या काळ्या प्रवाहातून दगडाचे तुकडे उघड्या हातांनी उचलत. बोटांना स्पर्श नीट कळावा म्हणून हातमोजे घालू देत नसत. नव्या मुलांची बोटे सुजून रक्ताळत. लुईस हाइन यांनी जानेवारी १९११ मध्ये पिट्सटन येथे काढलेल्या छायाचित्रांत ही मुले दिसतात. आज त्या छायाचित्रांकडे बालमजुरीचा पुरावा म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. तांत्रिक दृष्टीने पाहिल्यास मात्र ते वॉशरीच्या आधीच्या काळातील कोळसा-तयारीचे चित्र आहे.

त्या काळच्या ग्राहकाला ढेकळे हवी असत. घरातली शेगडी, रेल्वेचे इंजिन, लहान कारखान्याची भट्टी यांना ठरावीक आकाराचा कोळसा लागे आणि चुऱ्याला फारशी किंमत नसे. म्हणून तयारी म्हणजे मुख्यतः दगड वेचणे आणि आकारानुसार चाळणे, एवढाच तिचा आवाका होता.

यंत्राला थर दिसत नाही

खुल्या खाणीत क्रम उलटा असतो. कोळशापर्यंत बोगदा नेण्याऐवजी कोळशावरचे सगळे आवरण, म्हणजे माती, मुरूम आणि खडक, सुरुंग लावून आणि उपसून बाजूला केले जाते. खाणीवर याला ओव्हरबर्डन किंवा नुसते 'ओबी' म्हणतात. ते काढण्यासाठी ड्रॅगलाइन नावाची यंत्रे आली. लांबलचक दांड्यावरून दोरखंडांनी खेचली जाणारी अवाढव्य बादली, हे त्यांचे स्वरूप. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९६९ मध्ये कामाला लागलेल्या 'बिग मस्की' या ड्रॅगलाइनच्या बादलीत एका वेळी सुमारे १६८ घनमीटर माल मावत असे. जर्मनीतल्या लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी, कमी प्रतीच्या कोळशाच्या, खाणींत फिरत्या चाकावर बादल्या बसवलेली यंत्रे दिवसाला दोन लाख टनांहून अधिक माल उकरू शकतात.

अशा यंत्राच्या चालकाला हाताएवढ्या जाडीची शेलची पट्टी दिसली तरी ती टाळणे त्याच्या हातात नसते. सुरुंगाच्या धक्क्याने वरचा दगड कोळशात मिसळतो. माल उचलणाऱ्या शॉव्हेल या यंत्राच्या फावड्याचे दात थराच्या तळाखालची चिकणमाती खरवडून आणतात. डंपरमध्ये मीटरभर रुंदीचे कोळशाचे धोंडे, दगड, माती आणि कधी यंत्राचा तुटलेला लोखंडी दात असे सगळे एकत्र येते. जुन्या भूमिगत खाणीवरच पुढे खुली खाण काढलेली असेल तर त्यात आधाराच्या लाकडी बल्ल्या आणि रुळांचे तुकडेही सापडतात.

हा दोष केवळ खुल्या खाणींचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. भूमिगत खाणींतही कोळसा कापणारी आणि भरणारी यंत्रे आली, तेव्हा छताचा आणि तळाचा दगड कोळशाबरोबर येऊ लागलाच. खुल्या खाणीने ही गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर नेली आणि तिच्या जोडीला हवामानाने कुजलेला कोळसा व चिकणमाती या दोन नव्या अडचणी आणल्या. त्यांचा विचार पुढे येईल.

दहा सेंटिमीटरचा हिशेब

सगळ्या विषयाची किल्ली एका साध्या हिशेबात आहे. समजा, थर काढताना त्याच्याबरोबर वरचा आणि खालचा मिळून दहा सेंटिमीटर दगड येतो. मोठ्या यंत्रांच्या मानाने ही चांगलीच काटेकोर कामगिरी म्हणावी लागेल. कोळशाची घनता पाण्याच्या सुमारे १.३५ पट आणि शेलची सुमारे २.४ पट धरू. थर एक मीटर जाडीचा असेल, तर दर चौरस मीटरमागे १,३५० किलो कोळसा आणि २४० किलो दगड निघेल. म्हणजे एकूण वजनाच्या सुमारे १५ टक्के दगड. तोच थर वीस मीटर जाडीचा असेल, तर २७,००० किलो कोळशामागे तेवढाच २४० किलो दगड येईल. हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे.

यंत्र तेच, चालक तोच, चूकही तेवढीच. परंतु एका ठिकाणी वॉशरीवाचून गत्यंतर नाही आणि दुसऱ्या ठिकाणी तिची आठवणही कोणाला येणार नाही. खुल्या खाणींमुळे कोळशाची तयारी दोन विरुद्ध दिशांना का गेली, ते या आकड्यांत दिसते.

जिथे धुण्याची गरजच संपली

अमेरिकेच्या वायोमिंग आणि मोंटाना या राज्यांत पसरलेल्या पावडर रिव्हर खोऱ्यात जमिनीलगत वीस-तीस मीटर जाडीचे कोळशाचे थर आहेत. त्यांत राख साधारण पाच-सहा टक्के आणि गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा कमी असते. हा कोळसा उष्णतेच्या बाबतीत दुय्यम आहे, कारण त्यात पाव भागाहून अधिक पाणीच असते. तरीही १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर गंधक कमी असलेल्या कोळशाला मागणी आली आणि देशाच्या उत्पादनाचे केंद्र हळूहळू पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकले. १९७० च्या दशकातच अमेरिकेत खुल्या खाणींचे उत्पादन भूमिगत खाणींच्या पुढे गेले.

इथे तयारी म्हणजे जवळपास फक्त फोडणी उरली. कोळसा सुमारे पाच सेंटिमीटरपर्यंत फोडायचा, कन्व्हेयरवरून, म्हणजे सरकत्या पट्ट्यावरून, सायलो नावाच्या उंच कोठारात साठवायचा आणि खालून संथ सरकणाऱ्या, शंभराहून अधिक वाघिणींच्या गाडीत ओतायचा. वॉशरी नाही, पाणी नाही, दगडांचे ढीग नाहीत. ग्राहकही बदललेला होता. वीजकेंद्रात कोळसा जाळण्यापूर्वी पिठासारखा बारीक दळला जातो, त्यामुळे ढेकळांची जुनी प्रतिष्ठा संपली होती आणि यंत्राने कोळसा चुरला तरी कोणाची हरकत नव्हती. खाण आणि ग्राहक या दोन्ही टोकांना एकाच काळात बदल झाले नसते, तर खुल्या खाणींचा हा माल इतक्या सहज खपला नसता, असे मला वाटते.

पण न धुतलेल्या कोळशाचेही स्वतःचे प्रश्न असतात. हा कोळसा वाळला की भुगा होतो आणि साठवणीत आपोआप तापून पेटतो. वाघिणींतून उडालेली भुकटी रुळांखालच्या खडीत साचते, पाणी मुरू देत नाही आणि रूळ खचतात. मे २००५ मध्ये याच खोऱ्यातल्या मार्गावर गाड्या घसरल्या, तेव्हा या भुकटीकडे गंभीरपणे पाहिले गेले. त्यानंतर वाघिणीतला ढीग वरून गोलसर आकाराचा करणे आणि त्यावर चिकट द्रावण फवारणे हेही तयारीचा भाग झाले.

जिथे वॉशरी मोठी झाली

दुसरीकडे, पातळ आणि पट्ट्यापट्ट्यांचे थर खुल्या खाणीमुळेच पहिल्यांदा काढण्याजोगे ठरले. जमिनीखाली जाऊन असा थर हाताने काढणे कोणाला परवडले नसते. यंत्राने ते परवडू लागले, मात्र 'निवडण्याचे काम नंतर करू' या अटीवर, आणि ते काम वॉशरीकडे आले.

वॉशरीच्या दारात पहिल्यांदा फोडणी होते. त्यासाठी वापरला जाणारा एक प्रकार पाहण्यासारखा आहे. जाड पोलादी पत्र्यांचा, भोके पाडलेला आडवा ढोल सावकाश फिरत असतो. आतला माल वर उचलला जातो आणि स्वतःच्या वजनाने खाली आपटतो. कोळसा ठिसूळ असल्याने फुटतो आणि भोकांतून खाली पडतो. कठीण दगड, लाकूड आणि लोखंड फुटत नाहीत, ते ढोलाच्या दुसऱ्या टोकातून बाहेर पडतात. कोणी न वेचता निवडीचा पहिला हप्ता इथे पार पडतो.

पुढचे काम घनतेवर चालते. तांदूळ रोळताना पाण्यात हेलकावे दिले की तांदूळ पाण्याबरोबर पुढे सरकतो आणि खडे तळाशी राहतात. जिग नावाच्या यंत्रात पाण्याला खाली-वर धक्के देऊन नेमके हेच केले जाते. याहून अचूक रीत म्हणजे जड द्रवाची. मॅग्नेटाइट या लोहखनिजाची बारीक पूड पाण्यात घोळवली की ते मिश्रण पाण्यापेक्षा दीडपट जड करता येते. त्यात कोळसा तरंगतो आणि दगड बुडतो. पूड कमी-अधिक केली की कोणत्या घनतेला रेषा आखायची ते ठरवता येते. नंतर कोळशावर पाण्याचे फवारे मारून पूड धुऊन काढतात आणि फिरत्या चुंबकीय ढोलाने ती परत गोळा करतात. ती महाग असते आणि दर टनामागे किती वाया गेली यावर वॉशरीचा नफा-तोटा हलतो, म्हणून हा शेवटचा टप्पा कारखान्यातली मंडळी सर्वांत काळजीपूर्वक पाहतात.

अर्ध्या मिलिमीटरहून बारीक चुऱ्याला घनतेचा उपाय फारसा लागू पडत नाही. तिथे फेसाची पद्धत वापरतात. कोळशाच्या ताज्या कणाला पाणी चिकटत नाही, तेल चिकटते. पाण्यात थोडे तेल व फेस आणणारे रसायन घालून हवा सोडली की कोळशाचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि माती खाली राहते. नेमक्या इथेच खुली खाण अडचण निर्माण करते. जमिनीलगतचा कोळसा हजारो वर्षे हवा-पाण्याच्या संपर्कात राहून अंशतः ऑक्सिडीकरण पावलेला असतो. त्याच्या कणांना पाणी चिकटते आणि ते बुडबुड्यांकडे वळतच नाहीत. पोलादासाठी कोक बनवण्याचा त्याचा गुणही उतरलेला असतो. दुसरी अडचण चिकणमातीची आहे. ती चाळण्यांची भोके बुजवते आणि पाण्यात इतकी बारीक विरघळल्यासारखी पसरते की ते पाणी निवळायला वेगळ्या टाक्या आणि रसायने लागतात. वरच्या थरासाठी आणि खोल थरासाठी वॉशरी एकाच पद्धतीने चालवता येत नाही, हे या कामातले रोजचे वास्तव आहे.

मग खाणीतच नीट निवडून का काढत नाहीत?

हा आक्षेप रास्त आहे, आणि काही प्रमाणात तसे केलेही जाते. वरचा दगड उचलल्यावर डोझरने थराचा माथा साफ करतात. जाड पट्टी असेल तर ती वेगळी काढतात. जमीन पातळ थरांत तासत जाणारी सरफेस मायनर नावाची यंत्रे भारतातल्या अनेक खुल्या खाणींत वापरली जातात. ती सुरुंगाशिवाय कोळसा कापतात, तो आधीच लहान तुकड्यांत देतात आणि दगडाची पट्टी आली की तेवढी वेगळी तासू शकतात. अशा यंत्राने फोडणीचे आणि काही अंशी निवडीचे काम वॉशरीतून पुन्हा खाणीत आणले आहे.

मात्र याला मर्यादा आहे. दगड अजिबात येऊ नये म्हणून थराच्या वर आणि खाली दहा-दहा सेंटिमीटर कोळसा सोडून दिला, तर एक मीटरच्या थरातला पाचवा हिस्सा कायमचा गमावला जातो. जास्त कोळसा हवा असेल तर थोडा दगड घ्यावा लागतो, आणि दगड नको असेल तर कोळसा सोडावा लागतो. कोणता तोटा पत्करायचा, हे वॉशरी जवळ आहे की नाही यावरूनही ठरते.

सगळाच कोळसा धुतला तर?

धुण्याने काय मिळते आणि काय जाते, हे मानीव आकड्यांनी पाहू. ४० टक्के राखेचा शंभर टन कच्चा कोळसा धुऊन त्यातून ३० टक्के राखेचा ७५ टन माल मिळाला, तर उरलेल्या २५ टनांत ७० टक्के राख असेल. म्हणजे फेकलेल्या मालातही ३० टक्के भाग जळण्याजोगा होता. दगड आणि कोळसा एकमेकांत जितके बारीक मिसळलेले, तितका हा भाग वाढतो, कारण मधल्या घनतेचे अर्धे-अर्धे कण तरंगायचे की बुडायचे हे ठरवू शकत नाहीत.

भारतातल्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या गोंडवन काळातल्या कोळशाची अडचण हीच आहे. खनिज पदार्थ त्यात निर्मितीच्या वेळीच मिसळलेले आहेत आणि वीजकेंद्रांकडे जाणाऱ्या मालात राख ३० ते ४५ टक्के असणे नवलाचे नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, राष्ट्रीयीकरणाच्या वेळी, देशातला बहुतांश कोळसा भूमिगत खाणींतून येत असे. आज नऊ दशांशाहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून येतो. हजार किलोमीटरहून दूरच्या वीजकेंद्रांना ३४ टक्क्यांहून अधिक राखेचा कोळसा देऊ नये, असा नियम १९९७ मध्ये झाला आणि २००१ पासून लागू झाला. पुढे तो अधिक कडक करण्यात आला, आणि मे २०२० मध्ये राखेची ही मर्यादाच काढून टाकण्यात आली. मर्यादा काढून टाकणाऱ्यांचा युक्तिवाद असा की राख वॉशरीजवळ पडली काय आणि वीजकेंद्राजवळ पडली काय, ती कुठे तरी पडणारच, आणि वीजकेंद्रात ती हाताळण्याची सोय अधिक चांगली असते. विरोधकांचे म्हणणे असे की मग चार हजार टनांच्या मालगाडीत दीड-दोन हजार टन दगड-माती देशभर फिरवायची का. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझा कल अंतराला महत्त्व देण्याकडे आहे, कारण खाणीच्या तोंडाशी असलेल्या वीजकेंद्राला आणि हजार किलोमीटरवरच्या वीजकेंद्राला एकच नियम लावण्याला काही अर्थ नाही.

वॉशरी नसेल तेव्हा मिश्रणावर भिस्त असते. लांबलचक ढीग शेकडो पातळ थरांनी रचायचा आणि आडवा कापत उचलायचा. प्रत्येक कापात सगळे थर थोडे थोडे येतात आणि प्रतीतले चढउतार सपाट होतात. कन्व्हेयरवरून जाणाऱ्या कोळशावर न्यूट्रॉनांचा मारा करून क्षणोक्षणी राख मोजणारी उपकरणेही आता वापरात आहेत. या साऱ्याने सरासरी सांभाळली जाते, पण दगड जागच्या जागी राहतो.

धुतलेला कोळसा स्वच्छ इंधन असतो का?

जाहिरातीत तसे सुचवले जाते. धुण्याने राख घटते आणि पायराइट या खनिजाच्या रूपातले काही गंधक निघते, कारण पायराइट कोळशापेक्षा जवळपास चौपट जड असते. कोळशाच्या रेणूंतच बांधलेले गंधक मात्र धुतल्याने निघत नाही. कार्बन हेच इंधन असल्याने तेवढीच उष्णता मिळवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळपास तेवढाच राहतो. बॉयलर थोडा कार्यक्षमतेने चालतो, इतकाच लाभ.

नाकारलेल्या मालाचे काय होते?

वॉशरीचा दगड ढिगाऱ्यावर जातो आणि बारीक गाळ तळ्यात साठवला जातो. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक येथे कोळशाच्या टाकाऊ मालाने बांधलेला अशा गाळाचा बांध फुटला आणि १२५ माणसे मेली. १९७७ मध्ये अमेरिकेत खुल्या खाणींसाठी जो केंद्रीय कायदा झाला, त्यात खोदलेली जमीन पूर्ववत करण्याबरोबरच असे ढीग आणि बांध यांचेही नियम आले. जिथे खुली खाण आणि वॉशरी शेजारी असतात, तिथे दगड खोदून झालेल्या खड्ड्यात परत टाकता येतो. भूमिगत खाणीला ही सोय सहज मिळत नाही.

पेनसिल्व्हेनियातले जुने ढिगारे आता खुल्या खाणींच्याच यंत्रांनी उपसले जात आहेत. त्यातला काही माल पुन्हा धुतला जातो आणि काही थेट अशा भट्ट्यांत जाळला जातो, जिथे हवेच्या झोताने चुनखडी आणि इंधन एकत्र उकळत ठेवलेले असते आणि निम्मा दगड असला तरी चालते. तिथली राख चुनखडीमुळे आम्लविरोधी असते. ती जुन्या खाणींच्या खड्ड्यांत भरून त्यांतून झिरपणाऱ्या आम्लधर्मी पाण्यावर उतारा म्हणून वापरतात.